बोटांमधली ओल

लांब्यानं आपलं अंथरूण चाऱ्याच्या खोलीत हलवलं, तेव्हा कारण सांगितलं की तांबडी गाय व्यायला आलीय, जवळ कुणीतरी असलेलं बरं. सूनबाईला ते पटलं. तांबडी पहिलटकरीण होती, आणि पहिलटकरणीचा काही भरवसा नसतो. मग तांबडी व्याली, सुखरूप व्याली. वासरू शेपटी उंच करून गोठ्यात उड्या मारायला लागलं. तरी लांब्याचं अंथरूण काही घरात आलं नाही.

"आज तरी?" सूनबाई विचारायची.

"बघू," तो म्हणायचा आणि बादली उचलून चालू लागायचा.

त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता. जोराचा पडत नव्हता, पण जातही नव्हता. घरी आलेला पाहुणा उठतो उठतो म्हणत पुन्हा टेकावा, तसं चाललं होतं. गोठ्याची फरशी वाळायची म्हणून नाही. गमबूट उलटे करून भिंतीला टेकवले तरी सकाळी आत पाय घातला की मोजा ओला व्हायचा. दोरीवरचे कपडे दमट उतरायचे, दमटच घडी व्हायचे आणि दमटच अंगावर चढायचे. घरात सगळ्यांच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला होता. कुणाला त्याचं काही वाटेनासंही झालं होतं.

घर दुधाचं होतं. सहा गाई दुभत्या, दोन भाकड आणि लहान वासरं. सासू, मुलगा आणि सून अशी तिघं राबणारी माणसं, आणि चार वर्षांची चिमी, जी राबणाऱ्यांच्या पायात पायात यायची. मुलगा लहानपणापासून उंच, म्हणून लांब्या. सासूला सगळा परिसर कारभारीण म्हणायचा. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं गोठा सांभाळला होता, गाई वाढवल्या होत्या, आणि कोणत्या गाईला किती पेंड घालायची हे अजूनही तिच्याशिवाय कुणी ठरवत नव्हतं. तिच्या कमरेला कापडी कसा होता, नाडी ओढून बंद करायची पिशवी. त्यात किल्ल्या, सुपारी कातरायचा अडकित्ता आणि एक लाल झाकणाची ट्यूब असायची.

ती ट्यूब औषधाच्या दुकानातून आली होती. कधीतरी कारभारणीच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, कातडी पांढरी पडून सोलायला लागली, तेव्हा दुकानदारानं फडताळातून काढून दिली. दोन दिवसांत खाज पळाली. चिखल्या पुन्हा आल्या, ट्यूब पुन्हा आली. तेव्हापासून कारभारणीचा दुकानदारावर असा विश्वास बसला की तिच्या सख्ख्या भावावरही नसेल. खरचटलं, ट्यूब. पुरळ आलं, ट्यूब. ट्यूब शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत ती मुगाच्या दाण्याएवढं औषध बोटावर काढायची आणि वर म्हणायची, "उधळायचं नसतं. औषध आहे, लोणी नाही."

लांब्याच्या हाताला, मनगटाच्या वर, एक गोल चट्टा उठला होता. कडेला लाल, मधे फिकट. त्यानं तो आईला दाखवला. आईनं ट्यूब लावली. चट्टा फिका पडला, मग आधीपेक्षा मोठा होऊन परत आला आणि त्याच्या शेजारी दुसरा उठला. लांब्या दूध घालायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागला.

पण एका दारात बाही वर सरकली. माप ओतताना घरातल्या बाईची नजर त्याच्या हातावर गेली. तिनं पातेलं अर्धं भरलेलं असतानाच मागे घेतलं.

"हाताला काय झालंय तुमच्या?"

"काही नाही. गवत लागतं कापताना."

"गवत असं गोल गोल लागतं होय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "थोडे दिवस नको दूध. पाहुणे यायचेत, ते काय म्हणतील."

पाहुणे येणार म्हणून दूध बंद करणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली. घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं की त्या घरी दूध नकोय. कारभारीण म्हणाली, "त्यांची मर्जी." पण उरलेलं दूध विरजण लावताना तिनं झाकण जरा जोरात आपटलं.

दुपारी सूनबाई लांब्याचा चहा घेऊन चाऱ्याच्या खोलीकडे गेली. दार लोटलेलं होतं. आत लांब्या खोलीच्या मधल्या लाकडी खांबाला मांडी घासत होता, डोळे मिटून, म्हैस घासते तसा. चेहऱ्यावर असं सुख होतं की सूनबाईला क्षणभर दार परत लोटावंसं वाटलं. मग त्यानं डोळे उघडले.

तिनं चहा कडब्याच्या पेंढीवर ठेवला आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला वाटत होतं, माझं काही चुकलं. रोज आठवत बसायची, काय बोलले, कधी बोलले. भाजीत मीठ जास्त पडलं का, तुमच्या आईला उलट उत्तर दिलं का. आणि तुम्ही इथं खांबाशी संसार करताय."

लांब्या मटकन पेंढीवर बसला. चहा सांडता सांडता वाचला. "मांडीला झालंय," तो म्हणाला. "दोन्ही मांड्यांना. जांघेत. कमरेपर्यंत आलंय. कसं सांगायचं असलं काही?"

"आईंना सांगितलंत ना."

"हाताचं सांगितलं. हे नाही. आईकडून ट्यूब मागून घेतो, हाताला लावतो म्हणून, आणि..." त्यानं पुढचं वाक्य सोडून दिलं. "तुला लागू नये म्हणून इथं झोपतो."

सूनबाईला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं. "चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण बोलला असतात तर काय बिघडत होतं? बायकोला सांगायचं नाही, मग काय वेशीवर जाऊन सांगायचं?" मग तिनं आपली बाही वर केली. कोपराच्या आत एक पावलीएवढा चट्टा होता. "हे बघा. लागायचं ते लागलंच. एकच टॉवेल आहे ना न्हाणीघरात."

लांब्या त्या चट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चहा निवला."

"निवू दे. दुसरा करते."

चिमीचा जीव ठिपकीवर होता. ठिपकी म्हणजे गेल्या वर्षीची कालवड. तिच्या डोळ्यांभोवतीचे आणि मानेवरचे केस झडून राखेचा पातळ थर द्यावा तसे गोल डाग पडले होते. कारभारीण म्हणायची, ऊन पडलं की जाईल. ऊन काही पडेना, म्हणून तिनं ठिपकीलाही ट्यूब लावून बघितली. चिमी रोज ठिपकीच्या गळ्यात पडायची, गालाला गाल लावायची आणि तिच्याशी काहीबाही बोलायची.

एका सकाळी चिमीच्या डाव्या गालावर लाल रेघेचा गोल उठला. कारभारणीनं तिला मांडीवर घेतलं, कमरेच्या कशातून ट्यूब काढली आणि गालाला लावली. "नातीला मीच बरं करणार," ती म्हणाली. सूनबाई भांडी घासत होती. तिला बोलावंसं वाटलं, पण तिच्या स्वतःच्या कोपराची खाज त्याच ट्यूबनं थांबली होती. ती भांडी घासत राहिली.

दोन दिवसांत गाल साफ झाला. कारभारणीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गाल दाखवला. मग गोल परत आला आणि या वेळी तो गोल राहिला नाही. गालावरून कानाकडे आणि खाली हनुवटीकडे पसरला, वेडावाकडा, बारीक पुळ्यांचा. कारभारणीनं आणखी ट्यूब लावली. जिथे लावत होती तिथली कातडी तकतकीत दिसायला लागली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

बालवाडीच्या बाईंनी चिमीला दारातच थांबवलं. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. खाली वाकून चिमीच्या हातात एक रंगीत खडू दिला आणि सूनबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर चालेल म्हणाले, की लगेच आणा. बाकीच्या मुलांचे आईवडील मला विचारायला लागलेत."

परत येताना चिमी म्हणाली, "मी काही केलं नाही."

"नाही केलंस गं, राणी."

"मग मला परत का पाठवलं?"

सूनबाईनं तिला उचलून कडेवर घेतलं. चार वर्षांची पोर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. रस्त्यावरची माणसं बघतील तर बघू देत, असं म्हणत ती घरापर्यंत तशीच आली. घरी आल्यावर तिनं गमबूट काढायला वाकलेल्या नवऱ्याला सांगितलं, "उद्या दवाखान्यात जायचं. तुम्हीसुद्धा."

"धारा कोण काढणार?"

"आई काढतील. नाहीतर गाई थांबतील."

कारभारीण दारातून ऐकत होती. "एवढ्याशा खाजेला डॉक्टर," ती म्हणाली. "उद्या शिंक आली की ऑपरेशन कराल." तरी तिनं अडवलं नाही. निघताना सूनबाईनं ट्यूब मागितली. "डॉक्टरांना दाखवायला," ती म्हणाली. कारभारणीनं कमरेच्या कशाची नाडी सोडली, ट्यूब काढली, एकदा उलटीपालटी करून बघितली आणि दिली. "परत आण," ती म्हणाली. "अजून आहे तिच्यात."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, आवाजानं मोठ्या आणि हातानं हलक्या. त्यांनी चिमीचा गाल उजेडाकडे वळवला. काचेच्या पट्टीनं कडेची साल हळूच खरवडून घेतली. चिमीला गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी ट्यूब हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"ही कुणाकुणाला लावलीत?"

सूनबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं भिंतीकडे बघितलं.

"हिच्या गालाला," सूनबाई म्हणाली. "माझ्या हाताला. यांच्या हाताला आणि... मांडीला. सासूबाईंच्या पायाला. आणि कालवडीला."

"कालवडीला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिलाही चट्टे होते."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब टेबलावर ठेवली. त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. "ऐका," त्या म्हणाल्या. "हा नायटा आहे. बुरशी. भिजलेल्या लाकडावर चढते ना, तशी अंगावर चढते. ती मारायचं औषध या ट्यूबमध्ये आहे, पण त्याच्या जोडीला स्टिरॉइड आहे. ते खाज दाबतं, लाली दाबतं. तुम्हाला वाटतं, बरं झालं. पण आपलं अंग बुरशीशी भांडत असतं, ते भांडणंच हे औषध थांबवतं. मग बुरशीला मोकळं रान. म्हणून ती पसरली. आणि गालाची कातडी बघा कशी पातळ झालीय. ही ट्यूब आजपासून बंद. कुणालाच नाही, कालवडीलाही नाही."

लांब्या पडद्यामागे तपासून आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याच्यासाठी गोळ्याही लागतील, असं त्या म्हणाल्या. पसारा फार झाला होता. आधी रक्त तपासायला सांगितलं, दारू पितो का ते विचारलं, इतर काही औषध चालू आहे का ते विचारलं. सूनबाईला आणि चिमीला साधं क्रीम पुरेल.

"आता लावायचं कसं ते बघा," म्हणत त्यांनी सूनबाईचा हात समोर घेतला. "आधी धुवायचं. मग कोरडं करायचं. पुसलं म्हणजे कोरडं झालं असं नाही, थोडं वाऱ्यावर बसायचं. ओल्या अंगावर क्रीम म्हणजे चिखलावर रांगोळी." त्यांनी थोडंसं क्रीम बोटावर घेतलं. "पातळ थर. थापायचं नाही. आणि नुसतं चट्ट्यावर नाही, त्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत. बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. सकाळ-संध्याकाळ. लावून झालं की हात साबणानं धुवायचे. हिच्या डोळ्यांत, तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि ट्यूब हिच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. जळजळ झाली, पुरळ उठलं, तर थांबायचं आणि इथं यायचं."

"किती दिवस?" लांब्यानं विचारलं.

"चट्टा गेला की थांबायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. दिसेनासा झाल्यावरही लावत राहायचं. मी बघून सांगीन कधी बंद करायचं. आणि पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, कारण ती दाबणारं औषध काढून घेतलंय. घाबरून जुन्या ट्यूबकडे वळू नका."

मग प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात, वाळल्याशिवाय अंगात घालायचे नाहीत, सैल कपडे. कालवडीला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ती बरी होईपर्यंत चिमीनं लांब राहायचं. आणि शेवटी त्यांनी विचारलं, "सासूबाईंच्या पायाचं काय म्हणालात?"

"चिखल्या होतात. आणि नखं..." सूनबाई थांबली. "त्या दाखवत नाहीत. मी एकदाच बघितलीत. जाड झालीत, पिवळी. शिंगासारखी."

"मग तुम्ही तिघं बरी व्हाल आणि पुन्हा आजारी पडाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न्हाणीघर एकच ना? त्यांना आणा."

घरी आल्यावर कारभारणीनं आधी हात पुढे केला. "ट्यूब?"

सूनबाईनं सगळं सांगितलं. जितकं मऊ सांगता येईल तितकं मऊ सांगितलं. तरी ते जायचं तिथं गेलं. कारभारीण ऐकत होती आणि चिमीच्या गालाकडे बघत होती. मग ती उठली आणि शेण काढायला गोठ्यात गेली. शेण सकाळीच काढून झालं होतं.

दोन दिवस ती सूनबाईशी गाईंमार्फत बोलली. "तांबडे, तुला पेंड घातली का गं कुणी?" आणि सूनबाईनं आतून सांगायचं, "घातली." पायाचा विषय निघाला तेव्हा मात्र थेट बोलली. "माझ्या पायांवर आजवर कुणी हात ठेवलेला नाही. डॉक्टर ठेवणार नाही आणि तूही नाही. विषय संपला."

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी ठिपकीला वेगळं बांधायला सांगितलं, धुवायचं औषध दिलं, हातात रबरी मोजे घातल्याशिवाय तिला हात लावू नका म्हणाले. लांब्यानं गोठ्याच्या मागं पत्र्याचा आडोसा केला. फरशीच्या उतारावरची नाली बुजली होती, ती पहारीनं मोकळी केली, तेव्हा साचलेलं काळं पाणी गळत गळत निघून गेलं. न्हाणीघरात चार खिळे ठोकले, चार टॉवेल टांगले, चार रंगांचे. कारभारीण पहिल्या दिवशी मुद्दाम चुकीच्या टॉवेलला हात पुसायला गेली. चिमी ओरडली, "आजी, तो माझा." कारभारणीनं हात मागं घेतला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. आधी खाज वाढली. लांब्या येरझाऱ्या घालायचा, दोन्ही मुठी आवळून, आणि सूनबाई त्याला कामं सांगायची: लाकडं फोडा, पाणी भरा, दोरखंड वळा. हातात काम असलं की हात मांडीकडे जात नव्हते. चिमी गालाकडे बोट नेऊन आईकडे बघायची. आई मान हलवायची. पोर बोट खाली घ्यायची, मोठ्या माणसाच्या शहाणपणानं.

मग हळूहळू कड फिकी पडायला लागली. पाऊसही एकदाचा उठला. अंगणात ऊन आलं आणि दोरीवरचे कपडे कडक वाळले, सदरा हातात घेतला की कागदासारखा वाजायचा. लांब्याचे चट्टे तपकिरी डाग होऊन राहिले. एक दिवस सूनबाईनं बघितलं तर त्याची नव्या क्रीमची ट्यूब खिडकीत जिथल्या तिथं होती.

"आज लावलं नाहीत?"

"गेलं की सगळं."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"त्यांनी सांगितलं होतं की..." तो म्हणाला आणि मुकाट्यानं ट्यूब घेऊन आत गेला. बाहेर येऊन त्यानं साबणानं हात धुतले आणि दोन्ही बाजूंनी तिला दाखवले, शाळेतल्या पोरासारखे. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला झोपायला घरात यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. हे विचारायला तो एकटाच गेला होता. अंथरूण घडी घालून, उन्हात टाकून, झटकून त्यानं आत आणलं. सूनबाईनं उशीला नवा अभ्रा घातला.

चिमी बालवाडीत जायला लागली. दूध बंद केलेल्या बाईनं दुसऱ्या कुणाकडून तरी निरोप पाठवला की आता पाहुणे गेलेत. लांब्या म्हणाला, "गेले का. बरं झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून माप घालायला लागला, बाह्या कोपरापर्यंत दुमडून.

कारभारणीचं मात्र तसंच होतं. ती बंद वहाणा घालून फिरायची. एका दुपारी ती ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. अंगणातून फटाक फटाक आवाज आला. चिमी आजीचे गमबूट घालून येत होती. बूट तिच्या मांडीपर्यंत आले होते, ती प्रत्येक पाऊल ओढत टाकत होती आणि कमरेवर हात ठेवून गाईंना रागवत होती, हुबेहूब आजीसारखी.

"मी कारभारीण," चिमी म्हणाली.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात हसत उभी होती. पण कारभारणीचा हात थांबला. अडकित्ता तिनं खाली ठेवला. "काढ ते," ती म्हणाली. आवाज इतका वेगळा आला की चिमी जागच्या जागी उभी राहिली. कारभारीण उठली, तिनं पोरीला दोन्ही काखांत धरून बुटांतून वर उपसलं, तसंच न्हाणीघरात नेलं आणि तिचे पाय साबणानं धुतले. बोटांच्या मधे, एकेक बोट वेगळं करून. मग चिमीच्या टॉवेलनं पुसले आणि पुन्हा पुसले.

बाहेर येऊन ती सूनबाईकडे न बघता म्हणाली, "तो दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?"

आठवडाभरानं ती एकटीच गेली. कुणालाही बरोबर येऊ दिलं नाही. परत आली तेव्हा हातात कागदाची पुडी होती आणि चेहरा असा, की जणू बाजारातून गाय पारखून आणलीय. "बाई हुशार आहे," ती म्हणाली. "मला म्हणाली, एवढी वर्षं दुखत असून चाललात कशा. मी म्हटलं, चालायचं थांबून कुणाला परवडतं." मग म्हणाली, "माझ्या नखाचा तुकडा तपासायला ठेवून घेतला होता. आता औषध दिलंय."

हे ऐकून सूनबाईच्या लक्षात आलं की सासूबाई याआधी एकदा जाऊन आल्या होत्या. गेल्या आठवड्यात, दवाखान्याची वेळ विचारली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पेंड बघून येते म्हणून.

बोटांमधल्या चिखल्यांना साधं क्रीम होतं, सगळ्यांसारखंच. नखाला क्रीम चालत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नखावर क्रीम म्हणजे पत्र्यावर पाऊस, आत काही जात नाही. गोळ्यांचा गुण जास्त, पण कारभारणीच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून त्यांनी लावायचा लेप दिला, छोट्या बाटलीत, झाकणाला ब्रश असलेला. आधी नख कापायचं, कानशीनं घासून पातळ करायचं, पुसायचं, मग लेप. कानस आणि नेलकटर कारभारणीचेच, दुसऱ्या कुणी वापरायचे नाहीत.

कारभारणीनं ओसरीवर बसून स्वतः करून बघितलं. वाकलं की पोट आड यायचं, चष्मा नाकावरून घसरायचा. कानस दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा सूनबाईनं ती उचलली, परत दिली नाही, आणि जुना कागद पसरून समोर बसली.

"द्या," ती म्हणाली.

कारभारीण बराच वेळ पाय आखडून बसली. मग तिनं वहाण काढली आणि पाय पुढं केला, तोंड दुसरीकडे वळवून.

अंगठ्याचं नख पिवळंधमक होतं, कडेला चुऱ्यासारखं भुसभुशीत. शेजारच्या दोन बोटांची नखं खाली वळून मांसात टेकली होती. सूनबाईनं तो पाय मांडीवर घेतला. टाच फुटलेली, घोट्यावर गाईच्या लाथेची जुनी खूण. सगळं आयुष्य गोठ्यात उभा राहिलेला पाय होता. तिनं हळूहळू घासायला सुरुवात केली. पांढरी पूड कागदावर पडत होती.

"दुखतंय का?"

"नाही." थोड्या वेळानं कारभारीण म्हणाली, "घाण वाटत नाही तुला?"

"शेण उचलते रोज. हे तर नख आहे."

कारभारीण हसली, नाकातून. "सासरे तुझे असते तर म्हणाले असते, पाय कशाला बघता, दूध बघा. त्यांनी कधी बघितले नाहीत. मीच दाखवले नाहीत म्हणा. त्या गालाचं मात्र..." ती थांबली. "पोरीच्या गालाला डाग राहील का गं?"

"नाही राहणार. विचारलं मी. कातडी भरून येतेय."

"मी चांगल्यासाठीच लावलं."

"माहीत आहे, आई. मीही तेच लावत होते."

कानस चालत राहिली. अंगणात चिमी आपल्या स्वतःच्या चपला उलटसुलट घालून कोंबडीच्या मागं लागली होती.

"आणि हे किती दिवस चालणार?" कारभारणीनं विचारलं.

"नख मुळापासून नवं यायला हवं. वर्षही लागेल, म्हणाल्या. मधे सोडायचं नाही."

"वर्षभर." कारभारणीनं हिशेब केल्यासारखं आभाळाकडे बघितलं. "म्हणजे वर्षभर तू माझे पाय मांडीवर घेऊन बसणार."

"तुम्ही पसरून बसलात तर."

सूनबाईनं नख पुसलं, बाटली उघडली आणि ब्रशनं पातळ लेप दिला, एका बोटाला, मग दुसऱ्याला. लेपाचा वास तिखट होता. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत सरकलं होतं. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. त्यांना वेळ कळते.

लांब्या बादली घेऊन आला. "आई, धारांची वेळ झाली. तांबडी थांबायची नाही."

कारभारणीनं बोटं पसरून पाय उन्हात धरला आणि जागची हलली नाही.

"तू काढ," ती म्हणाली. "माझी नखं वाळतायत."